गुलाबी पावतीचा दौरा

मोनालीनं आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला, त्या दिवसापासून घरातलं कुठलंही काम तिच्या देखरेखीशिवाय पार पडू शकतं, यावर तिचा विश्वास उरला नव्हता. स्पर्धेचा विषय होता 'संकटातील संयम'. नववीतली ही मुलगी संयमावर सात मिनिटं इतक्या जोरात बोलली, की एका परीक्षकांनी माइक बंद करायला सांगितला, आणि बंद केल्यावरही फारसा फरक पडला नाही. चषक टीव्हीच्या डोक्यावर विराजमान झाला. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी घरात खरोखरीचं संकट आलं, आणि हे तर आपल्याच खात्यातलं काम, असं मोनालीला वाटून गेलं. वाटल्याबद्दल तिनं लगेच मनातल्या मनात कान पकडले, ही गोष्ट वेगळी.

संकट म्हणजे आईच्या गळ्यावरची गाठ. बोराएवढी. केस विंचरताना हाताला लागली, म्हणून मंजुषाबाई, म्हणजे मोनालीची आई, दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून थोडं पाणी काढलं आणि म्हणाले, "बहुतेक काही नसेल. पण तपासून घेऊ. नमुना पुण्याला जाईल, पुढच्या सोमवारी रिपोर्ट." दवाखान्यापासून सिडकोतल्या घरापर्यंत येईस्तोवर आई, पप्पा आणि मोनाली, तिघांनी मिळून त्या 'बहुतेक'चा चघळून चघळून चोथा केला होता.

लॅबवाल्यानं एक गुलाबी पावती दिली होती. "सांभाळा. हिच्याशिवाय रिपोर्ट मिळणार नाय," असं त्यानं बजावलं. आईनं ती घरी येताच देवघरात खंडोबाच्या टाकाखाली ठेवली आणि वर हळदकुंकू वाहिलं. यात विशेष काही नाही. त्या घरात महत्त्वाचा कागद आधी देवघरातच जातो. पप्पांचं नेमणूकपत्र, मोनालीच्या शिष्यवृत्तीचं हॉलतिकीट, गॅसचं पुस्तक, इतकंच काय, मिक्सरचं वॉरंटीकार्डसुद्धा तिथं आठवडाभर मुक्कामाला होतं. मिक्सर अजून चालतो.

"कुणाला सांगायचं नाय," पप्पांनी फर्मान काढलं. पप्पा म्हणजे सुदर्शनराव, वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. नटबोल्टच्या एकेका पेटीला नाव-गाव देऊन ठेवणारा माणूस. "उगाच गावभर चर्चा. सोमवारी रिपोर्ट येईल, तवा बघू."

सगळ्यांनी मान डोलावली आणि शब्द तंतोतंत पाळला. मोनालीनं फक्त रूपालीला सांगितलं. रूपाली तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, तेव्हा ती 'कुणाला'मध्ये येत नाही. पप्पांनी फक्त शकीलचाचांना सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये बारा वर्षं एकाच बाकावर बसणाऱ्या माणसाला काय परका म्हणायचं? आणि आईनं काहीच सांगितलं नाही. पण गळ्यावर पांढरी पट्टी लावून ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली, आणि पलीकडच्या भिंतीवरून शेजारच्या मनकर्णाकाकू म्हणाल्या, "हे काय लावलंय गं?" आता विचारल्यावर खोटं कसं बोलणार?

रूपालीला डॉक्टर व्हायचं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवर दहा मिनिटं शोधलं आणि निकाल दिला. "रिपोर्टमध्ये दोनच शब्द बघायचे. 'बिनाइन' असलं की बरं. 'मॅलिग्नंट' असलं की मग पुढचं बघायचं. बाकीचं सगळं डॉक्टरसाठी असतंय." मोनालीनं ही मौल्यवान माहिती रात्रीच्या जेवणात आईला जशीच्या तशी वाढली. माणसाला माहिती असली की भीती जाते, असं ती स्पर्धेत बोलली होती आणि टाळ्या पडल्या होत्या. आईनं दोन्ही शब्द एकदा पुटपुटून बघितले आणि म्हणाली, "भाकरी घे अजून."

मंगळवारी सकाळी मनकर्णाकाकू आल्या. काकूंचा मोठा मुलगा तहसील कचेरीत आहे. त्यामुळं कुठलंही काम कागदाशिवाय होत नाही, हे त्यांना इतरांपेक्षा जरा जास्तच माहीत.

"पावती दे," त्या म्हणाल्या. "आज माझ्या दत्तापुढं ठेवते."

"काकू, तुम्ही नाव घेऊन हात जोडा ना," मोनाली म्हणाली. "पावती कशाला?"

"नाव घेऊन कसं चालंल? मंजुषा नावाच्या बाया एकट्या सिडकोत पन्नास निघतील. देवानं कुणाकुणाचं बघावं? पावतीवर नंबर हाय. नंबर दिला की घोळ नाय होत."

मोनाली वादविवादातही बरी आहे. तिनं तोड काढली. चौकातून दोन रुपयांची झेरॉक्स आणली आणि काकूंच्या हातात ठेवली. काकूंनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"ह्याच्यावर शिक्का काळा आलाय."

"झेरॉक्स आहे, काकू. काळाच येणार."

"मग हे नाय चालायचं. तहसीलमधी ओरिजनल दाखवावं लागतंय, आणि देवापुढं झेरॉक्स ठेवू व्हय?"

गुलाबी पावती पहिल्या दौऱ्यावर निघाली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्यावर अष्टगंधाचा ठसठशीत टिळा होता, आणि टिळ्याखाली मंजुषाबाईंचं वय झाकलं गेलं होतं. "बरंच झालं," आई म्हणाली.

बुधवारी पाचोडहून आत्याचा फोन आला. तिला कुणी सांगितलं, याचा तपास अजून लागलेला नाही. वच्छलाआत्या पप्पांची थोरली बहीण. तिचा आवाज असा, की स्पीकर चालू नसतानाही सगळ्यांना ऐकू जातो.

"सुदर्शन, मी नवस बोलले. मंजूचा रिपोर्ट चांगला येईस्तोवर चहा सोडला."

"अगं आक्का, तू कशाला सोडलास? तुझी तब्येत..."

"माझा नाय. तुझा."

पलंगावर बसलेले पप्पा उभे राहिले. मोनालीच्या पप्पांना दिवसाला सहा कप चहा लागतो. सकाळचा पहिला कप पोटात जाईपर्यंत त्यांना घरातल्या माणसांची नावंही नीट आठवत नाहीत.

"माझा? मला न विचारता?"

"सोडायचं तर आवडीचं सोडावं लागतंय. मी कुठं चहा पिते? मी सोडून काय उपयोग? तुला लई आवडतो, म्हणून तुझा सोडला."

पप्पा परत पलंगावर टेकले. मग खालच्या आवाजात, स्टोअरमध्ये ऑडिटवाल्यांशी बोलतात तसं त्यांनी विचारलं, "कॉफी चालंल का?"

"देवाला फसवतो व्हय रे?" असं म्हणून आत्यानं फोन ठेवला.

त्या दिवसापासून पप्पांची जी दशा झाली, ती बघवत नव्हती. कपाळाला रुमाल बांधून ते कामावर जायचे. कंपनीत दहा वाजता चहाची किटली फिरली की उठून पत्र्याच्या शेडमागं जाऊन उभे राहायचे. पण चहा घेतला मात्र नाही. एकदा मोनालीनं, तर्कशुद्ध विचार म्हणून, त्यांना सांगितलं, "पप्पा, दुसऱ्यानं केलेला नवस कायद्यानं तुम्हाला लागू होत नाही." पप्पांनी रुमाल जरा घट्ट केला. "माहितीये मला," ते म्हणाले. "पण उगाच कशाला?"

त्या 'उगाच कशाला'त काय काय होतं, हे मोनालीला कळलं, आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

बुधवारीच रात्री शकीलचाचा दारात हजर. "भाई, भाभी का कागज मेरेकू देव. कल जुमेरात है, खुलताबाद जारा मैं. दर्गे में दुआ मांगके शाम कू वापस लाके देतौं."

"चाचा, नुसती दुआ नाही चालणार?" मोनालीनं प्रामाणिकपणे विचारलं.

"चलती ना, बेटा. लेकिन तुम्हारे बाजूवाली काकी बोल रै थे के नंबर होना बोलके."

म्हणजे काकूंचं तत्त्वज्ञान भिंत ओलांडून रस्त्यावर पोचलं होतं. पावती खुलताबादला गेली. गुरुवारी रात्री आली ती गुलाबाच्या अत्तरात न्हाऊन. देवघराचा दरवाजा उघडला की अख्ख्या घरात लग्नघरासारखा वास पसरायचा. अत्तराचं बोट नेमकं पावती क्रमांकावर टेकलं होतं. शाई जराशी फुलली होती. शेवटचा आकडा तीन होता की आठ, यावर आता दोन मतं होऊ शकत होती.

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. पण मोनाली थांबली नाही, आणि पुढचं जे झालं त्याचा दोष सर्वस्वी तिचा. शनिवारी संध्याकाळी रूपालीच्या घरी, रक्षणासाठी म्हणतात तो परित्राण पाठ होता. रूपालीच्या आजीनं, गोजरबाईंनी, तो खास मोनालीच्या आईसाठी ठेवला होता. वस्तीतल्या विहारातून भन्तेजी येणार होते. मोनालीनं पावती सोबत घेतली. सगळ्यांना समान संधी, असा तिचा विचार.

आई त्या दिवशी दुपारपासून जरा जास्तच शांत होती. सकाळी ती नेहमीसारखी होती. दुपारी मोनाली शाळेतून आली, तर आईनं स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून घासायला घेतले होते. मोबाइल कुठं आहे विचारलं, तर म्हणाली, "असंल कुठं तरी. बिघडलाय." मोनालीनं त्याकडं लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला तिला वेळच कुठं होता? पावतीचा सगळा कार्यक्रम तिच्या एकटीच्या डोक्यावर.

"जयभीम, आजी," म्हणत तिनं गोजरबाईंपुढं पावती धरली. "ही कुठं ठेवू?"

गोजरबाई सत्तरीच्या, अंगानं काटक, बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी पावतीचा वास घेतला आणि मान मागं केली. "जयभीम, पोरी. कागदाला काय ऐकू येतंय व्हय? तुझ्या आईला आण. तिला बसव माझ्यापाशी."

आई त्यांच्याशेजारी बसली. पाण्याचा कलश मधोमध, त्याला बांधलेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातातून फिरलेला. पाठ सुरू झाला. संथ, एका लयीत. गोजरबाईंनी एका हातात दोरा धरला होता आणि दुसऱ्या हातात आईचा हात. आईनं डोळे मिटले होते. मोनालीला ते फार बरं वाटलं, पण पावतीला वगळलं गेल्याचं शल्य काही जाईना. म्हणून तिनं हळूच, कुणाच्या नकळत, ती मेणबत्तीच्या ताटलीत सरकवली.

पाठ संपला तेव्हा पावतीचा वरचा उजवा कोपरा, म्हणजे तारीख आणि लॅबचा फोन नंबर, पांढऱ्या मेणाखाली गडप झाला होता.

"तू जरा गप बसायला शीक," रूपाली म्हणाली. "हातांनीसुद्धा."

रविवारी सकाळी आत्या पाचोडहून आली आणि सगळ्यांना जीपमध्ये घालून वेरूळला घेऊन गेली. इतकं झाल्यावर घृष्णेश्वराला न दाखवता पावती लॅबमध्ये जाणं तिला मान्य नव्हतं. तिथं गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातलं वरचं कापड उतरवावं लागतं. पप्पांनी शर्ट काढून मोनालीकडं दिला. चार दिवस चहा नाही, डोकं ठणकतंय, कपाळाला रुमाल, उघडं पोट, आणि पोटापाशी दोन्ही हातांत धरलेली गुलाबी पावती, अशा अवस्थेत सुदर्शनराव रांगेत उभे होते. बरोबर त्यांच्या मागं येऊन उभे राहिले कंपनीचे मोठे साहेब. तेही उघडेच. दोघांनी एकमेकांकडं नीट बघितलं आणि आपण एकमेकांना ओळखत नाही, असं एकमतानं ठरवलं. ते अजूनही पाळलं जातं.

पप्पांनी पावती पिंडीला टेकवली. नेमकं तेव्हाच पुढच्या कुटुंबानं दुधाचा गडवा ओतला.

बाहेर आल्यावर आत्यानं ती पदरानं टिपली. बेलाचं एक पान चिकटलं होतं. ते काढायला तिनं नकार दिला. आई पायरीवर बसून राहिली होती, पर्स मांडीवर आणि दोन्ही हात पर्सवर. एरवी कुणाच्या अंगणातल्या रांगोळीचेसुद्धा फोटो काढणाऱ्या आईनं वेरूळला येऊन एकही फोटो काढला नाही, हे मोनालीच्या ध्यानात आलं. पण तेव्हाच पप्पांचा शर्ट माकडानं धरला आणि ते राहून गेलं.

सोमवार उजाडला. पप्पांची पहिली पाळी होती, रजा शिल्लक नव्हती. ते चारला येऊन लॅबमध्ये जाणार होते. पण मोनालीची शाळा साडेबाराला सुटली आणि चार वाजेपर्यंत थांबणं तिच्या संयमात बसेना. "मोठं माणूस लागंल," म्हणून मनकर्णाकाकू रिक्षात येऊन बसल्या. रूपाली आधीच बसली होती.

काउंटरवरच्या माणसानं पावती दोन बोटांत धरली.

"हे काय आहे?"

"पावती," मोनाली म्हणाली.

"कशाची?"

"तुमचीच."

त्यानं ती नाकाजवळ नेली. "अत्तर?"

"खुलताबादचं," काकू म्हणाल्या.

"आणि हे मेण?"

"ते माझ्या घरचं. त्यात ह्या पोरीचा हात हाय," रूपालीनं मोनालीकडं बोट दाखवलं.

"पान कसलं?"

"बेलाचं. काढू नका," काकूंनी बजावलं.

त्या माणसानं पावती उजेडाकडं धरली. "मावशी, ह्याच्यावर नंबरच राहिला नाही."

"नंबर जिथं पोचायचा तिथं पोचलाय," काकू म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरमधी बघा."

त्यानं नाव विचारलं. मोनालीनं सांगितलं. त्यानं टाइप केलं आणि मान हलवली. "मंजुषा ह्या आठवड्यात तीन आहेत."

मनकर्णाकाकूंनी मोनालीकडं अशी एक नजर टाकली, की तिची पहिल्या नंबराची सगळी ऐट चपलांपर्यंत उतरली. "म्हटलं नव्हतं?" काकू एवढंच म्हणाल्या.

शेवटी मोबाइल नंबरवरून सापडलं. त्या माणसानं पडद्याकडं बघितलं, मग मोनालीकडं. "अहो, हा तर शनिवारीच पाठवलाय. दुपारी बारा वाजता. व्हॉट्सअपवर."

मोनालीच्या अंगात सगळं वक्तृत्व एकदम उसळलं. "आम्हाला काहीही मिळालेलं नाही," तिनं सुरुवात केली. "आठ दिवस एक कुटुंब वाट बघतंय, आणि तुम्ही..."

"पोचलाय, बेटा," तो शांतपणे म्हणाला आणि लॅबचा मोबाइल तिच्यापुढं धरला. "हा बघ. पोचल्याच्या दोन खुणा आहेत. निळ्या झाल्या नाहीत. म्हणजे उघडला नाही कुणी."

मोनालीचं वाक्य तसंच अर्धवट राहिलं. शनिवार दुपार. घासायला काढलेले डबे. बिघडलेला मोबाइल. पर्सवरचे दोन्ही हात. आठ दिवस ती पावतीच्या मागं धावत होती. काय काय सांडलं त्या पावतीवर, हे तिला तोंडपाठ होतं. आईकडं मात्र तिनं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

तिघी रिक्षानं परतल्या. घराच्या दारापाशी काकू म्हणाल्या, "जा तू. मी इथं भिंतीपाशी हाय." रूपाली पायरीवर बसली.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. निवडलेली मेथी तिघांच्या घराला दोन दिवस पुरली असती.

"आई, मोबाइल कुठाय?"

आईनं वर बघितलं. मुलीच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. "तुरीच्या डाळीच्या डब्यात," ती म्हणाली.

"डब्यात?"

"तिथं तो वाजत नाय." तिनं मेथीची एक काडी घेतली, पानं तोडली नाहीत, तशीच खाली ठेवली. "वर नुसतं लॅबचं नाव दिसलं गं. उघडावं म्हटलं. पण तू सांगितलेले ते दोन शब्द... माझं इंग्रजी किती, तुला माहितीये. सगळ्या कागदात मला तेवढे दोनच कळणार. त्यातला कुठला दिसंल? मग तुम्ही सगळे पळत होतात. काकू, शकीलभाई, वन्सं. मला वाटलं, हे पळतायत तोवर बरंय. एकटीनं नाय उघडवलं मला."

मोनालीला काही तरी बोलायचं होतं. संयमावरचं सात मिनिटांचं भाषण पाठ होतं तिला, हातवाऱ्यांसकट. त्यातलं एक वाक्यही कामाचं नव्हतं. ती खाली बसली, आईच्या अगदी शेजारी, आणि गोजरबाईंनी धरला होता तसा तिनं आईचा हात हातात घेतला. हात गार होता, मेथीचा वास येत होता, मनगटावर पाठातला पांढरा दोरा.

मग तिनं डाळीत हात घालून मोबाइल काढला, ओढणीला पुसला आणि रिपोर्ट उघडला. दोन पानं. सगळं बारीक इंग्रजी. एकही शब्द ओळखीचा वाटेना. तिनं बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, कारण उडी मारून खाली बघायची तिची छाती होत नव्हती. आई तिच्या बोटाकडं बघत होती. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, बोट थांबलं.

"आई, बी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तो आपलाच आहे हे तिला पटेना. "बिनाइन आहे."

आईनं मोबाइल हातात घेतला. तो एक शब्द तिनं स्वतः, अक्षर अक्षर लावून, वाचला. दोनदा. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तशीच बसली. मोनाली हलली नाही. बाहेरून काकूंचा आवाज आला, "काय झालं गं?" आणि पाठोपाठ रूपालीचा, "काकू, थांबा जरा."

चार वाजता गेट वाजलं. कपाळाचा रुमाल सोडत पप्पा आत आले. "डबा ठेवतो अन् लॅबमधी जातो," ते म्हणाले. "पावती द्या."

मोनालीनं तोंड उघडलं. ही बातमी सांगायचा हक्क तिचा होता, आणि ती कशी सांगायची, हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. आईनं डोळ्यांनीच तिला थांबवलं. मोनालीनं तोंड मिटलं. तिच्या आयुष्यातला हा संयमाचा पहिला प्रयोग.

आईनं पप्पांपुढं स्टुलावर कप ठेवला. आलं घातलेला, वाफाळता, काठोकाठ भरलेला चहा.

पप्पा कपाकडं बघत राहिले. मग त्यांनी आईकडं बघितलं. पुन्हा कपाकडं. हातातला डबा ठेवायचा राहून गेला. ते पलंगावर बसले आणि कपाळावरून सोडलेला रुमाल त्यांनी डोळ्यांवर धरला.

"गार होतोय," थोड्या वेळानं आई म्हणाली.

तो गार झालाच. साय धरली. पप्पांनी ती बोटानं बाजूला केली आणि सगळा चहा एका दमात पिऊन टाकला. मग रिकामा कप पुढं केला.

"अजून अर्धा टाक," ते म्हणाले, "आणि आक्काला फोन लाव. सांग तिला, तिचा नवस मी फेडला."